बोरघाटाच्या माथ्यावरचें स्वस्त अन्न

लोणावळ्याच्या इतिहासाची सुरुवात बहुधा एका चुकीनें होते. प्रवाशांसाठीं छापलेल्या पुस्तिकांतून असें वाचावयास मिळतें कीं, १८७१ सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं हें ठिकाण शोधून काढलें. आतां मुंबईस एल्फिन्स्टन नांवाचे गव्हर्नर दोन होऊन गेले. पहिले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन; यांची कारकीर्द १८१९ ते १८२७, आणि १८५९ सालीं ते विलायतेंत वारले. दुसरे लॉर्ड एल्फिन्स्टन. ते १८५३ ते १८६० पर्यंत अधिकारावर होते, आणि घरीं पोंचल्यावर त्याच वर्षीं निवर्तले. तेव्हां यांपैकीं कोणीहि १८७१ सालीं लोणावळें शोधून काढणें शक्य नव्हतें. शिवाय १८५८ च्या जून महिन्यापासूनच खंडाळ्याहून पुण्यास आगगाडी धांवूं लागली होती, म्हणजे ज्या गांवाच्या शेजारून तेरा वर्षें इंजिनाची शिटी वाजत होती, तें गांव सांपडावयाचें अजून बाकी होतें, असें मानावें लागेल! पण ही चूक पुस्तकांतून पुस्तकांत उतरत जाते याचें कारण उघड आहे. थंड हवेच्या ठिकाणाचा इतिहास हा बंगल्याच्या ओसरीवर बसून लिहिला जातो. आणि ओसरीवरून बाजार दिसत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या बाजारांतला आहे, आणि तोहि अगदीं लहान. स्टेशनाबाहेर पडून बाजारपेठेंत शिरावें. जुन्या, रंग उडालेल्या एखाद्या इमारतीखालीं कापड, भांडीं, वहाणा, छत्र्या यांचीं दुकानें ओळीनें मांडलेलीं असावीं. आणि त्यांच्यामधील अरुंद बोळांतून आंत गेल्यावर चार-सहा मेजांची एक खोली लागावी, जींत शिरणारा मनुष्य थोडक्या पैशांत पोट भरून बाहेर पडतो. अशी खोली लोणावळ्यास आहे, तळेगांवास आहे, पुण्याच्या तुळशीबागेंत आहे, मुंबईस माटुंग्याच्या बाजारांत आहे. तिच्यावर पाटी असली तर ती वाचण्याजोगी नसते. कोणा बखरकारानें तिचा उल्लेख केलेला नाहीं. तरीहि या मावळ प्रांतांत परक्याला अन्न कोणी द्यावें, कोणत्या अटीवर द्यावें आणि त्याचें मोल काय घ्यावें, हा प्रश्न दोन हजार वर्षांइतका जुना आहे, आणि त्याचा पहिला पुरावा दगडावर कोरलेला आहे.

कार्ल्याचें चैत्यगृह पाहण्यास जाणारे लोक खांबांवरील हत्ती-घोड्यांच्या जोड्या पाहून थक्क होतात आणि लेख न वाचतांच खालीं उतरतात. त्या लेखांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. वलूरक येथील लेण्यांत वर्षावासासाठीं राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरितां आपण करजिक नांवाचें गांव दिलें, असें त्यांत त्यानें नमूद केलें आहे. क्षहरातांचा पाडाव झाल्यावर सातवाहन राजानें या गांवाची देणगी आपल्या आज्ञेनें पुनः चालू केली. ही आज्ञा मामाल येथील अमात्यास उद्देशून आहे, आणि मामाल म्हणजेच आपलें आजचें मावळ. राज्य बदललें, राजे एकमेकांचे वैरी होते, पण पावसाळ्यांत डोंगरावर अडकलेल्यांच्या पोटाची तरतूद कोणीं मोडली नाहीं. याच उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें वाटसरूंसाठीं धर्मशाळा बांधल्याचें नाशिकचा लेख सांगतो. कल्याण-सोपाऱ्याहून घाटावर येणारा माल याच खिंडींतून वर चढे. व्यापारी जेथून जातो तेथें त्याला निवारा व अन्न लागतें. त्या काळीं तें दानाच्या रूपानें मिळे.

दान आणि विक्री यांमध्यें आपल्या समाजानें पुढें फार रुंद दरी पाडली. धान्य विकावें, पण शिजलेलें अन्न विकूं नये, अशी भावना वरिष्ठ म्हणविणाऱ्या वर्गांत शतकानुशतकें होती. विकणारा कोणत्या जातीचा, पाणी कोणीं भरलें, चुलीजवळ कोण बसलें, हे प्रश्न दामापेक्षां मोठे होते. म्हणून प्रवासाला निघालेला प्रत्येकजण आपली शिदोरी घेऊन निघे. कुणब्याच्या फडक्यांत नाचणीची भाकरी, कांदा आणि चटणी. ब्राह्मणाच्या डब्यांत दशमी. ही दशमी म्हणजे शास्त्रानें पोटाशीं केलेली मोठी सुबक तडजोड आहे. पीठ पाण्याऐवजीं दुधांत मळलें कीं तें खरकटें होत नाहीं, आणि वाटेंत खाण्यास हरकत राहत नाहीं. ज्याला पाणी लागून शिजवावें लागत नाहीं तें कोणाकडूनहि घेतां येई : फुटाणे, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गूळ. आपल्या बाजारांतला खाण्याचा जिन्नस प्रथम कोरडा कां होता आणि ओला पदार्थ इतक्या उशिरां कां आला, याचें उत्तर चवींत शोधूं नये, तें या नियमांत आहे.

पेशवाईंत पुणें-पनवेल हा रस्ता वाहता होता. घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आजहि आहे. चढणीपूर्वीं बैलांना पाणी पाजावें आणि माणसांनीं शिदोरी सोडावी, याला ती जागा नेमकी आहे. इंग्रजी अमलांत घाटांतून गाडीरस्ता झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला केला. त्यापुढची मोठी घडामोड आगगाडीची. ती घाटाखालीं १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आली आणि घाटावर १८५८ सालीं खंडाळ्यापासून सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत अपुराच होता. या पांच वर्षांत उतारूंना खोपोलीस गाडी सोडून पालखींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढावा लागे आणि खंडाळ्यास दुसरी गाडी पकडावी लागे. अर्ध्या प्रवासांत मनुष्याला अशा रीतीनें उतरविल्यावर तो थकतो, त्याला भूक लागते, आणि त्याची शिदोरी संपलेली असते. हॉटेल या संस्थेचा जन्म होण्यास याहून अधिक अनुकूल परिस्थिति कोणती असणार?

पण घाटांतले खरे भुकेले लोक उतारू नव्हते. लोहमार्गाचें काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. सुमारें सोळा मैलांच्या लांबींत अठराशें फुटांहून अधिक उंची गांठावयाची, पंचवीस बोगदे खोदावयाचे, आणि तें सारें सुरुंगाच्या दारूनें व हातांनीं. १८६१ सालीं या कामावर बेचाळीस हजारांवर माणसें होतीं. त्या काळीं आपल्याकडील कित्येक नांवाजलेल्या शहरांची वस्ती इतकी नव्हती. आणि या शहराला ना वेस होती, ना पाण्याचा हौद, ना बाजार. पटकीनें माणसें मरत, पावसाळ्यांत काम थांबे, तांडे पांगत आणि पुनः गोळा होत. १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यामुळें येथें मोठा दंगा झाला. त्या प्रकरणाची चौकशी होऊन पुढच्याच वर्षीं मालक व मजूर यांच्या तंट्यांसंबंधीं कायदा करावा लागला. पहिल्या मक्तेदारानें काम सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें मक्ता चालू ठेवून काम तडीस नेविलें. या बाईचें कर्तृत्व अलीकडे लोकांना ठाऊक होऊं लागलें आहे, हें योग्यच झालें. परंतु दंग्याचा विचार करतांना एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. डोंगरांत ज्याची मजुरी थकते, त्याचें जेवणच थकतें. शेत जवळ नाहीं, घर जवळ नाहीं. दुकानदार उधारी बंद करतो त्या दिवशीं चूल बंद होते. बोरघाटांतील स्वस्त अन्नाचा इतिहास असा दंग्यापासून सुरू होतो.

लोणावळ्याची चिक्की या मजुरांपासून निघाली अशी एक आख्यायिका आहे. पूर्वीं तिला गुडदाणी म्हणत. रेल्वेच्या कामावरील मजुरांना थोडक्यांत शक्ति यावी म्हणून गूळ, शेंगदाणे व तूप यांची ही वडी एका मारवाडी दुकानदारानें विकण्यास आरंभ केला, आणि पुढें त्या पेढीस मगनलाल हें नांव मिळालें, असें सांगतात. पेढीचें स्थापनावर्ष १८८८ देतात. येथें पुनः तारखांची अडचण उभी राहते, कारण घाट तर १८६३ सालींच पुरा झाला. तेव्हां एक तर गुडदाणी खाणारे मजूर पुढील दुरुस्तीच्या व दुहेरी मार्गाच्या कामांवरचे असले पाहिजेत, किंवा आख्यायिकेनें दोन पिढ्या एकत्र केल्या आहेत. मला दुसरी गोष्ट अधिक संभवनीय वाटते. मात्र आख्यायिका कालगणनेंत चुकली तरी आशयांत चुकलेली नाहीं. वर सांगितलेला कोरड्या जिनसांचा नियम गुडदाणीस तंतोतंत लागू पडतो. तिला पाण्याचा स्पर्श नाहीं, धान्य तींत नाहीं, उपवासास ती चालते, खिशांत राहते, आणि खालच्या जातीच्या मजुरापासून वरच्या जातीच्या उतारूपर्यंत कोणीहि ती कोणाच्याहि हातून घेऊं शकतो. ज्या काळीं चहाचा एक पेला दहा प्रश्न उत्पन्न करी, त्या काळीं शेंगदाण्याची वडी सर्वांच्या हातीं निमूटपणें जात होती. मजुराचा हा खुराक पुढें बंगलेवाल्यांनीं उचलला आणि रंगीत खोक्यांत घालून मुंबईस नेला, ही त्यानंतरची गोष्ट.

आगगाडी सुरू झाल्यावर खाण्याचीं ठिकाणें नकाशानें ठरलीं नाहींत; तीं इंजिनानें ठरविलीं. घाट चढण्यासाठीं गाडीस मागून जादा इंजिन जोडावें लागे, म्हणून कर्जतला गाडी थांबे. घाट चढून आल्यावर तें सोडावें लागे, म्हणून माथ्यावर थांबे. पहिल्या मार्गांत तर खंडाळ्याजवळ गाडी उलट दिशेस वळविण्याचें एक स्थानक होतें, तें १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर गेलें. हे थांबे प्रवाशांच्या सोयीसाठीं कोणीं नेमले नव्हते, पण जेथें गाडी पांच मिनिटें उभी तेथें टोपली आली. कर्जतचा दिवाडकरांचा बटाटेवडा या थांब्याचेंच अपत्य आहे. इंजिन न जोडतां गाडी सरळ घाट चढती, तर तो वडा कर्जतकरांनीं आपसांतच खाल्ला असता.

स्टेशनावरच्या या खाण्यांत मात्र सर्व जण एका पंक्तीस नव्हते. "हिंदु चहा" व "मुसलमान चहा" अशा निराळ्या आरोळ्या आणि पाण्याचे निराळे पिंप हें दृश्य स्वातंत्र्यापूर्वीं सर्वांच्या ओळखीचें होतें. साहेबांचें उपाहारगृह तर निराळेंच. आणि ज्यांना हिंदूंच्या पिंपाजवळहि जाऊं देत नसत त्यांची आरोळीच नव्हती. एकाच गाडींत, एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले उतारू स्टेशन आलें कीं चार दिशांना पांगत आणि गाडी सुटतांना पुनः त्याच बाकावर येऊन बसत.

चहाच्या या पेल्यानें केवढें वादळ उठविलें हें पुण्यानें १८९० सालीं पाहिलेंच होतें. पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर पुढें आलेल्या चहाबिस्किटांवरून न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आदि मंडळींवर ग्रामण्य उभें राहिलें. उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि अखेरीस १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. त्या वेळीं ते सुटीनिमित्त लोणावळ्यास राहत होते, असें रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसतें. म्हणजे प्रायश्चित्ताचा निर्णय याच डोंगरावरील हवेंत झाला, आणि पुण्यास जाऊन तो अमलांत आला. हायकोर्टाच्या न्यायासनावर बसण्याची योग्यता असलेल्या पुरुषाला एका पेल्यापायीं हें करावें लागलें. बाजारांतल्या साध्या माणसानें मात्र याच सुमारास, कोणाची आज्ञा न मागतां, पडद्याआड चहा पिण्यास सुरुवात केली होती. समाजसुधारणेचा इतिहास लिहिणारांनीं सभा, ठराव आणि परिषदा यांना जेवढीं पानें दिलीं, त्याच्या दशांशहि त्या पडद्याला दिलेलीं नाहींत.

हा पडदा कोणीं दूर केला? पुष्कळ अंशीं इराण्यांनीं. यझ्द, केर्मान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलेल्या या लोकांनीं मुंबईंत व मागून पुण्यांत नाक्यानाक्यावर दुकानें थाटलीं. मुंबईची कयानी १९०४ ची, पुण्याचें गुडलक १९३५ चें. संगमरवरी मेज, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि ब्रून-मस्का-चहा एवढाच मुख्य व्यवहार. इराणी गिऱ्हाइकाची जात विचारीत नसे. त्याला विचारण्याचें कारणच नव्हतें. दुसऱ्या बाजूनें दक्षिणेकडील उडुपी मंडळी आली. त्यांचा स्वयंपाकी ब्राह्मण असल्यामुळें सनातनी गिऱ्हाइकाला आंत येण्यास संकोच वाटेना, आणि एकदां आंत आल्यावर शेजारीं कोण बसला आहे हें पाहण्याचें त्यानें हळूहळू सोडून दिलें. सावरकरांनीं रत्नागिरीस १९३३ सालीं सर्व हिंदूंसाठीं उपाहारगृह काढलें, तें तत्त्व म्हणून. इराण्यानें तेंच व्यापार म्हणून आधीं केलें होतें, आणि त्याचें दार हिंदूंपुरतेंच उघडें नव्हतें. परंतु याच्यावर संतुष्ट राहणें बरोबर नाहीं. खेड्यांतील हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्या माणसाची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे, ती त्यानेंच धुवावी लागे, आणि पैसे मात्र पुरे द्यावे लागत. व्यापाराची सुधारणा मोठ्या रस्त्याच्या बाजूनें चालते. आडरानांत ती पोंचत नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें आणि सार्वजनिक उपाहारगृहें यांचा नांवानिशीं उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. ज्या देशांत स्वातंत्र्याच्या सनदेंत चहाच्या दुकानाला स्थान द्यावें लागतें, त्या देशांत तें दुकान क्षुल्लक होतें असें कोण म्हणेल?

मावळांत या प्रवाहाला आणखी कांहीं ओढे मिळाले. तळेगांवास पैसाफंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं निघाला; दरसाल प्रत्येकी एक पैसा या हिशोबानें जमविलेल्या वर्गणींतून तो उभारला गेला, आणि तेथें काम शिकण्यास परगांवचीं मुलें येऊं लागलीं. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठीं लोणावळ्याच्या परिसरांत १९११ सालापासून धरणें बांधलीं गेलीं आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर चालू झालें. त्या कामांवर पुनः मजुरांचे तांडे आले. १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन झालें आणि प्रकृतीसाठीं येणारे मध्यमवर्गीय लोक वाढले. परगांवीं एकटा राहणारा पुरुष ही या सर्वांतील समान गोष्ट होय. अशा पुरुषासाठीं पुण्यांत पूर्वीं माधुकरी होती, वार लावून जेवण्याची चाल होती. मुंबईंत गिरणगांवच्या खानावळी होत्या. त्या बहुतांशीं बायकांनीं चालविल्या. गिरणींत काम करणाऱ्या आपल्या नवऱ्याबरोबर आणखी दहा जणांचा स्वयंपाक एकाच चुलीवर करावा, महिन्याच्या पगारावर हिशोब मिटवावा, आणि संप झाला कीं उधारी वाढवीत जावी, हा त्यांचा व्यवहार. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना सावकाराच्या तावडींतून सोडविण्याचा मार्ग दाखविला. तोंवर कोणाला ठाऊकहि नव्हतें कीं, मुंबईच्या कापडधंद्यास या बायकांनीं किती भांडवल बिनव्याजी पुरविलें होतें.

आतां बाजाराच्या इमारतीकडे वळूं. स्वस्त खाण्याची खोली इमारतीच्या पोटांत, जिन्याखालीं किंवा पहिल्या मजल्यावर कां सांपडते? तिच्या मालकाला रस्त्यावरचें दुकान परवडत नाहीं, हें एक कारण. पण त्याला गिऱ्हाईक रस्त्यावरून यावयाचेंच नसतें. दुकानांचे नोकर, हमाल, भाजी घेऊन आलेले शेतकरी, दलाल, तोलार, हेच त्याचे रोजचे लोक. ते ठराविक वेळीं येतात, ठराविक जिन्नस मागतात, आणि लवकर उठतात. उरलेली भाजी दुपारनंतर उतरत्या भावानें खालीं मंडईंतच मिळते. माटुंगा स्टेशनाजवळच्या बाजाराच्या इमारतींत पहिल्या मजल्यावर १९४२ सालापासून रामा नायकांची उडुपी खानावळ चालत आली आहे; पुण्याच्या तुळशीबागेंत श्रीकृष्ण भुवनची मिसळ १९४१ सालापासून. नारो आप्पाजी खिरे यांनीं रामाचें देऊळ बांधलें तेव्हां त्याच्या भोंवतीं बांगड्या, भांडीं आणि मिसळ यांचें साम्राज्य पसरेल, हें त्यांच्या स्वप्नींहि नसेल.

आणखी एक कारण कायद्याचें आहे, आणि तें फारसें कोणी सांगत नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या खासगी इमारतींचें भाडें युद्धकाळांतील पातळीशीं बांधून टाकलें. पन्नास वर्षें तेल, बेसन, साखर, सारें महागलें; जागा महागली नाहीं. ताटाचा भाव खालीं राहिला तो कांहीं अंशीं मालकाच्या औदार्यानें आणि कांहीं अंशीं या गोठलेल्या भाड्यानें. त्याची दुसरी बाजूहि खरी आहे. भाडें नाममात्र म्हणून घरमालक चुना लावीत नाहीं, कौलें बदलीत नाहीं. भिंत फुगते, जिना डगमगतो, आणि एके दिवशीं इमारत पाडण्याची नोटीस लागते. नवी इमारत होते तींत कापडवाला परत येतो, सोनार परत येतो. मिसळवाला बहुधा येत नाहीं, कारण नव्या भाड्यांत त्याचें ताट बसत नाहीं.

या खोल्यांचें वर्णन करतांना डोळे ओलावून घेण्याची एक रीत पडली आहे, ती मला पसंत नाहीं. पेला स्वस्त होता तो विसळणारा पोऱ्या स्वस्त होता म्हणून. कोंकणांतून, घाटावरून, दक्षिण कानड्यांतून आठ-दहा वर्षांचीं मुलें येत, दुकानांतच निजत, आणि पगार म्हणून दोन वेळचें जेवण व थोडे पैसे मिळवीत. हॉटेलांत व ढाब्यांवर मुलांना कामास ठेवण्याची बंदी २००६ च्या ऑक्टोबरांत अमलांत आली. त्याच मुलांतून पुढें कित्येक हॉटेलमालक झाले, ही कथा खरी आहे. पण न झालेल्यांची संख्या कोणीं मोजली? ताटावरचा भाव वाचतांना ही रक्कम पाटीवर लिहिलेली नसते, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

अलीकडच्या पंचवीस वर्षांत घाटमाथ्यावरील खाण्याचा भूगोलच पालटला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००० सालापासून टप्प्याटप्प्यानें खुला होऊन २००२ मध्यें पुरा झाला. त्यावर दुचाकीस आणि पायीं चालणारास मज्जाव आहे. मोटारींसाठीं त्याच्या कडेला फूड मॉल निघाले. तेहि एका छपराखालीं पुष्कळ दुकानें आणि त्यांत खाण्याचीं ठिकाणें, असेच आहेत. म्हणजे आकारानें तो आपला जुना बाजारच होय. भेद एवढाच कीं, तेथें हमाल नाहीं, शेतकरी नाहीं, रोज येणारा कोणीच नाहीं. पुनः न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा भाव आणि उद्यां यावयाच्या गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा भाव हे एक कसे असतील? ज्याच्याजवळ मोटार नाहीं तो जुन्या रस्त्यानें जातो, आणि जुना रस्ता लोणावळ्याच्या बाजारांतून जातो. सरकारनेंहि या प्रश्नांत दोनदां हात घातला. १९९५ सालीं एक रुपयास झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांस शिवभोजन : दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. पहिल्या योजनेंतील कित्येक केंद्रांच्या जागांवर लवकरच भलतेच पदार्थ दिसूं लागले, हें सर्वांना आठवतच असेल. दुसरीवर कोरोनाच्या साथींत अनेकांचे प्राण तगले. ज्या उषवदातानें भिक्षूंसाठीं गांव दिलें त्याला ही योजना समजावून सांगावी लागली नसती.

पुणें-लोणावळें लोकल १९७८ सालीं सुरू झाली. शिवाजीनगर, खडकी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगांव, वडगांव, कान्हे, कामशेत, मळवली अशीं स्टेशनें घेत ती माथ्यावर येते. सकाळच्या गाडींत विद्यार्थी असतात, कारखान्यांतले लोक असतात, आणि दाराजवळ भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका असतात. यांतल्या अनेकांचें शेत इंद्रायणीच्या खोऱ्यांत आहे. वडगांव मावळच्या भातसंशोधन केंद्रानें आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरांतून एक जात काढली आणि १९८७ सालीं ती इंद्रायणी या नांवानें शेतकऱ्यांस दिली. आंबेमोहोराचा वास थोडा कमी, पण उतारा जास्त. शिजल्यावर किंचित् चिकट, आणि वरणाशीं जमणारा. आंबेमोहोर श्रीमंताच्या ताटांत राहिला आणि इंद्रायणी बाजाराच्या खोलींत आला. दुपारीं दोनच्या सुमारास, पाट्या रिकाम्या झाल्यावर, त्या बायकांपैकीं दोघी-तिघी बोळांतून आंत येतात, पाट्या मेजाखालीं सारतात, आणि मालकाला विचारतात कीं, आजचा भात कोठला. तो गांवाचें नांव सांगतो. ओळखीचा निघाला तर त्या आणखी एक वाढ मागून घेतात.